ओठावरचा ठिपका आणि वांग्याची बदनामी

वडिलांकडून मला दोन गोष्टी वारशाने मिळाल्या. एक, मालेगाव तालुक्यातला शेताचा तुकडा, ज्याच्या धुऱ्यावरून चुलतभावांशी दोन पिढ्या भांडण चालू आहे. आणि दुसरी, 'याला पेन्सिलीन चालत नाही' ही ख्याती. शेताचा सातबारा निदान तलाठ्याकडे जाऊन बघता येतो. ख्यातीचा सातबारा कुठे मिळतो हे कुणी सांगितलं नव्हतं, त्यामुळे ती मी पन्नाशी उलटेपर्यंत न तपासता वापरली. लहानपणी कधीतरी मला ताप आला होता, सुई दिली होती, अंगभर पुरळ होतं, आणि मोठ्या आत्याने उंबऱ्यात उभं राहून निकाल दिला होता, "पोराले सुई बाधली. आता याले ते पेन्सिलीन देऊ नका बाप्पा!" आत्याच्या निकालावर आमच्या घराण्यात अपील नसतं.

तसं पेनिसिलीन म्हणजे काही ऐरंगैरं औषध नव्हे. १९२८ साली फ्लेमिंगला ते बुरशीत सापडलं, आणि आपल्याकडे १९५४ साली पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना उभा राहिला तो मुख्यतः त्याच्यासाठी. अशा मातब्बर औषधाशी आपलं वैर आहे याचा, खरं सांगू का, मला अभिमानच वाटत आला. मुलगी बघायला गेलो तेव्हा मामांनी माझं शिक्षण, पगार, शेती (धुऱ्याचं भांडण वगळून) सगळं सांगून झाल्यावर घसा खाकरला आणि म्हणाले, "बाकी मुलगा निर्व्यसनी. फक्त पेन्सिलीन चालत नाही." सासरेबुवांनी बराच वेळ छताकडे बघून विचार केला आणि म्हणाले, "आमच्याकडेही कुणी घेत नाही."

लग्न ठरलं.

तेव्हापासून दाताचा डॉक्टर असो, हाडाचा असो की रक्तदान शिबिरातली नर्स असो, आत शिरल्याबरोबर मी नावाच्या आधी पेनिसिलीन सांगतो. डॉक्टर केसपेपरवर लाल शाईने लिहितात, त्याखाली दोन रेघा ओढतात, आणि मग दुसरं कुठलं तरी महागडं औषध लिहून देतात. मी ते कौतुकाने विकत घेतो. आपल्यामुळे डॉक्टरला दोन रेघा ओढाव्या लागतात, असं सुख मास्तरकीत फारसं मिळत नाही.

हो, मी मास्तर आहे. वाशीमच्या एका शाळेत आठवीला विज्ञान शिकवतो. 'प्रयोग करताना एका वेळी एकच घटक बदलावा' हे वाक्य मी इतक्या तुकड्यांकडून पाठ करून घेतलं आहे की जिल्ह्याच्या सहाही तालुक्यांत ते म्हणून दाखवणारी माणसं सापडतील. पुढे जे सांगणार आहे ते वाचताना हे वाक्य ध्यानात असू द्या. मला ते एकदाही आठवलं नाही.

तर एकदा रोडग्यांचं जेवण होतं. ज्यांनी शेतात गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले रोडगे, घट्ट वरण आणि वर बोटभर तर्री आलेली वांग्याची भाजी खाल्ली नसेल त्यांना ते समजावून सांगायला मी वेगळा लेख लिहीन. ज्यांनी खाल्ली असेल त्यांना पुढचं सांगायला नकोच. रात्री पोटात गडबड सुरू झाली. सकाळी कसाबसा चौकातल्या मेडिकलवर गेलो, पोटावर हात ठेवला, आणि मेडिकलवाल्या भाऊंनी एक शब्द न विचारता कात्रीने पट्टी कापून गोळ्या पुढे सरकवल्या. एक गोळी तिथेच गिळली. दुपारी पोट शांत झालं. संध्याकाळी खालच्या ओठाच्या डाव्या कोपऱ्यात चुरचुरायला लागलं. रात्री तिथे लाल झालं, आणि सकाळी आरशात पाहतो तर करंगळीच्या नखाएवढा जांभळा-काळा ठिपका.

बायकोने आधी तोंडाचा वास घेतला. चाळीस वर्षं ज्याने पानसुद्धा खाल्लं नाही त्या माणसाला बिडीवरून जाब विचारला जातो तेव्हा होणारं दुःख निर्व्यसनी माणसालाच कळेल. शाळेत हेडमास्तर काही बोलले नाहीत, पण त्या आठवड्यात व्यसनमुक्तीची प्रतिज्ञा म्हणवून घ्यायचं काम माझ्याकडे आलं. पोरं पहिल्या बाकावरून माझ्या ओठाकडे बघत प्रतिज्ञा म्हणत होती.

शेजारच्या काकूंनी कंपाउंडवरूनच निदान केलं. "मास्तर, तुम्हाले बिबा उतला!"

"काकू, मी बिब्याच्या झाडाजवळसुद्धा गेलो नाही."

"जवळ जाच लागते असं काही नाही. त्याच्यावरचा वाराही पुरते."

बिब्याच्या बाबतीत आमच्याकडे कुणी वाद घालत नाही. बिबे फोडून गोडंबी काढणाऱ्या बायांचे हात ज्याने पाहिले आहेत तो त्या काळ्या तेलापासून दहा हात लांब राहतो. (तेल कातडीला लागून जे फोड येतात, ती बऱ्याचदा चक्क अ‍ॅलर्जी असते, हे मला पुढे कळलं. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात आलेल्या अमेरिकन सैनिकांच्या मानेवर पुरळ उठायचं आणि लष्करी डॉक्टर चक्रावायचे; शेवटी सापडलं की पुरळ बरोबर तिथेच उठतं जिथे कॉलरच्या आत धोब्याने बिब्याच्या शाईने खूण केलेली असते. जागेवरून चोर पकडायचा हा धडा माझ्या डोळ्यांसमोर, म्हणजे नाकाखाली होता.) काकूंनी सांगितल्याप्रमाणे मी तीळ आणि खोबरं बारीक चावून ओठावर लावलं, वर काकूंच्याच सल्ल्याने थोडा गूळ, आणि तसाच झोपलो. ठिपका होता तिथेच राहिला. मुंग्या मात्र आल्या.

यथावकाश ठिपका फिकट झाला, मी विसरलो, आणि एका लग्नाच्या पंगतीनंतर तो पुन्हा उमटला. तिथेच. त्याच कोपऱ्यात, आधीपेक्षा एक छटा गडद. आता माझ्यातला विज्ञानशिक्षक जागा झाला. मी वही केली, समास आखले, आणि दोन्ही वेळचे पदार्थ शेजारी शेजारी लिहिले. दोन्हीकडे सामाईक एकच नाव निघालं. वांगं. तिसऱ्या वेळी महाप्रसादाची वांग्याची भाजी, पुन्हा पोट, पुन्हा ओठ. इतका स्वच्छ पुरावा माझ्या प्रयोगवहीत आयुष्यात आला नव्हता. वांगं खाल्लं की ठिपका येतो, सिद्ध झालं, खाली दोन रेघा.

वांगं खाल्ल्यावर पोट बिघडतं आणि पोट बिघडल्यावर मी गोळी घेतो, ही मधली पायरी मी वहीत लिहिली नव्हती. गोळी हा काही पदार्थ नव्हे.

वाशीम जिल्ह्यात राहून वांगं सोडणं म्हणजे काय ते बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. आमच्या गावाला इतिहास आहे, हे वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी, वगैरे मी पाहुण्यांना आवर्जून सांगतो. पण पाहुण्यांना जेवायला बसवलं की पुढे येते ती वांग्याची भाजीच. भंडारा वांग्याचा, तेरवी वांग्याची, पोहरादेवीला गेलो तर वाटेतल्या घरी आग्रह वांग्याचा. "थोडी तरी घ्या मास्तर." "नाही हो, मला वांग्याची अ‍ॅलर्जी आहे." यावर लोक ज्या नजरेने बघायचे त्यात दया नव्हती, संशय होता. वाढणारी पोरं माझ्या पत्रावळीपाशी आली की बादली दुसऱ्या हातात घ्यायची. एका पंगतीत तर मी नुसतं वरण-पोळी खाताना पाहून यजमानांनी हात जोडले आणि विचारलं, "आमचं काही चुकलं का?"

आणि मग एका एकादशीला, वांग्याशी कसलाही संबंध नसताना, भगर आणि दाण्याची आमटी जरा जास्त झाली, पोट बिघडलं, भाऊंकडून गोळी आणली, आणि संध्याकाळी ओठ चुरचुरायला लागला.

एखाद्या बुद्धिमान माणसाने इथे वांग्याची माफी मागितली असती. मी शेंगदाणे सोडले. पुढे मिशीला लावायचा कलप सोडला, कारण कलपाने अ‍ॅलर्जी होते असं कुठेतरी वाचलं होतं (होते, अगदी खरी गोष्ट आहे, फक्त माझी ती नव्हती), आणि पांढऱ्या मिशीखाली काळा ठिपका आणखी उठून दिसायला लागला. पुण्याहून मुलगा फोनवर म्हणाला, "बाबा, रक्ताची टेस्ट करून टाका ना, सगळंच एकदम कळतं." सगळं एकदम कळण्याचा मोह मास्तरला आवरत नाही. एका लॅबमध्ये भरपूर पैसे मोजून रक्त दिलं आणि चार पानी रंगीत रिपोर्ट घेऊन आलो. झुरळ: मध्यम. घरातली धूळ: तीव्र. वांगं: सौम्य. मी 'वांगं' वाचून विजयाने ओरडणार इतक्यात बायकोने 'घरातली धूळ: तीव्र' वाचलं. तो तिने स्वतःच्या केर काढण्यावरचा शेरा समजला.

तेव्हापासून केर मी काढतो.

अखेर अकोल्याच्या एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे गेलो. मालेगाव, मेडशी, पातूर असा एसटीचा प्रवास, मांडीवर वही, रिपोर्ट आणि तोंडपाठ केलेलं भाषण. डॉक्टरबाईंनी भाषण ऐकलं नाही. ओठ बघितला, बोटाने ओढून पुन्हा बघितला आणि विचारलं, "दरवेळी इथेच येतो?"

"हो."

"गोळ्या कुठल्या चालू आहेत?"

"एकही नाही," मी छाती काढून म्हणालो.

"अहो, ती पोटाची घेता ना मधूनमधून?" बायको म्हणाली.

"ती कुठे गोळी आहे? ती पोटाची आहे."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी विचारलेल्या प्रश्नांत वांगं, दाणे, झुरळ काहीच नव्हतं. गोळी किती वाजता घेतली, ओठ किती वाजता चुरचुरला, दोहोंमध्ये किती तास, फिकट व्हायला किती दिवस, मधल्या काळात गोळी न घेता कधी आला का? असल्या दुखण्याचं निदान घड्याळ आणि कॅलेंडर यांवर होतं, त्या म्हणाल्या, आणि तो चार पानी रिपोर्ट उघडलासुद्धा नाही. रक्ताच्या त्या तपासणीत सापडतात त्या विशिष्ट जातीच्या प्रतिपिंडांचा या ठिपक्याशी संबंध नाही. हे काम रक्तातल्या एका जातीच्या पांढऱ्या पेशींचं. औषधाने एकदा खोडी काढली की त्या पेशींतल्या काही जणी त्या जागच्या कातडीतच मुक्काम ठोकतात, आणि जुन्या वादाच्या धुऱ्यावर ठाण मांडून बसलेल्या भाऊबंदासारख्या वर्षानुवर्षं वाट बघत राहतात. तेच औषध पुन्हा पोटात गेलं की काही तासांत त्याच जागी मारामारी. हे मला लगेच समजलं. आमच्या शेतात रोजचंच आहे. या आजाराला 'फिक्स्ड ड्रग इरप्शन' म्हणतात, आणि आपल्याकडे तो काही दुर्मीळ नाही, कारण ज्या गोळ्यांनी तो येतो त्यांतल्या बऱ्याच आपण भाजी आणायला गेलो की आणतो.

"पण डॉक्टर, सुरुवातीला मी ती गोळी कितीतरी वेळा घेतली, तेव्हा तर काही झालं नव्हतं!" हा माझा हुकमाचा एक्का होता.

"पहिल्या वेळी होतच नाही," त्या म्हणाल्या आणि मला एका कुत्र्याची गोष्ट सांगितली. मोनॅकोच्या राजपुत्राच्या बोटीवर १९०१ साली शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी समुद्री जीवांच्या विषावर प्रयोग सुरू केले आणि पुढे ते पॅरिसला कुत्र्यांवर चालू ठेवले. थोडं थोडं विष देऊन कुत्रा पक्का होईल असा त्यांचा अंदाज. नेपच्यून नावाच्या धडधाकट कुत्र्याला पहिला डोस दिला, काही झालं नाही. काही आठवड्यांनी किरकोळ डोस दिला आणि कुत्रा अर्ध्या तासाच्या आत गेला. पहिल्या वेळेला शरीर नुसती ओळख करून घेतं. या शोधाला १९१३ साली नोबेल मिळालं. तुमचा प्रकार वेगळा, इतका भयंकर नव्हे, त्या म्हणाल्या, पण 'आधी काही झालं नव्हतं' हा बचाव दोन्हीकडे चालत नाही. नेपच्यूनलाही आधी काही झालं नव्हतं.

"आता गोळीचं नाव सांगा."

नाव! बायकोने पर्समधून एक प्लास्टिकची पिशवी काढली, ज्यात तिने गोळ्यांची रिकामी पाकिटं साठवली होती (का, ते विचारू नका, आमच्या घरी श्रीखंडाचे डबेही साठतात). पण भाऊंची कात्री जिथे फिरली होती तिथे नावाचे दोन तुकडे झाले होते, आणि नाव असलेला तुकडा दरवेळी दुसऱ्याच कुणाच्या घरी गेला होता. एका तुकड्यावर नुसतं '...डाझोल', एकावर मुदत संपल्याची तारीख, एकावर किंमत. सगळ्या पिशवीत पूर्ण वाचता येईल असा मजकूर एकच होता: लाल रेघेशेजारचा, ही गोळी डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नये.

मी तिथूनच भाऊंना फोन लावला. भाऊ म्हणाले, "नाव कशाला पाहिजे मास्तर, तुम्हाला मी दरवेळी एकच देतो. तुम्हाला ती लागू पडते ना!"

लागू पडत होती, यात शंका नाही. गोळीत दोन औषधं निघाली, ओफ्लॉक्सासिन आणि ऑर्निडॅझोल, म्हणजे चोर पकडला पण ते जोडीने आलेले. दोघांचाही हा ठिपका उठवण्याबद्दल लौकिक आहे. मी विज्ञानशिक्षकाच्या उत्साहाने म्हणालो, "मी घरीच एकेक घेऊन बघतो की. गच्चीवर बसतो, बायको घड्याळ लावेल." डॉक्टरबाईंचा आवाज पहिल्यांदा चढला. घरी असलं काही करायचं नाही. ठिपके अंगभर असते, फोड आले असते, कातडी सुटली असती, तोंडाच्या किंवा डोळ्यांच्या आत जखमा झाल्या असत्या, तर दवाखान्यातसुद्धा हा प्रयोग करत नाहीत. आणि औषध घेतल्यावर चेहरा सुजला, दम लागला, चक्कर आली तर निदान-बिदान बाजूला ठेवून ताबडतोब दवाखाना, तिथे मांडीत अ‍ॅड्रेनालिनची सुई. तुमचा एकच ठिपका आहे म्हणून तपासता येईल. तोही आत्ता नाही, कारण नुकत्याच लढून दमलेल्या पेशी काही आठवडे औषधाला दाद देत नाहीत आणि खोटा निर्दोष निकाल लागतो. ओठ निवू द्या, मग या.

ओठ निवल्यावर मी एका मोठ्या, शिकाऊ डॉक्टरांच्या रुग्णालयात हजर झालो. तिथे एका तरुण डॉक्टरने माझी प्रश्नपत्रिका काढली. नारांजो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली केलेले १० प्रश्न, प्रत्येकाला गुण. ९ किंवा जास्त मिळाले तर औषधाचा दोष निश्चित, ५ ते ८ संभाव्य, १ ते ४ नुसता शक्य. जास्तीत जास्त गुण १३. आयुष्यभर दुसऱ्यांचे पेपर तपासल्यावर स्वतः परीक्षेला बसलो म्हणून मला पैकीच्या पैकी हवे होते. औषध थांबवल्यावर बरं वाटलं का? हो. आधी असंच झालं होतं का? हो, हो. मग त्याने एक पांढरी गोळी दिली, मी गिळली, खुर्चीवर बसलो, आणि पाच मिनिटांत ओठाचा डावा कोपरा चुरचुरायला लागला. मी हात वर केला. आजूबाजूला शिकाऊ मुलंमुली जमली, एकीने मोबाइलवर फोटो काढला, मी डोळे मिटून त्यांना चुरचुर कुठून कुठे सरकते आहे याचं धावतं वर्णन देत होतो, दाह वाढतो आहे, थोडा घसाही आवळल्यासारखा वाटतो आहे, असं सांगत होतो, आणि कुणीच काही लिहून घेत नव्हतं.

ती पिठाची गोळी होती.

त्या प्रश्नपत्रिकेत हा प्रश्नच आहे. औषध नसलेल्या गोळीनेही त्रास झाला का? झाला असेल तर एक गुण वजा. जो मी मुलांना अर्धा गुण सोडत नाही, तो त्या पोराशी एका गुणासाठी हुज्जत घालत होतो. त्याने समजूत घातली की ओठ दिसायला जसाच्या तसा आहे, पुष्कळांना असं होतं, म्हणूनच आधी पिठाची गोळी देतात. मागून बायको म्हणाली, "यांना जाहिरात बघूनसुद्धा होतं."

ओफ्लॉक्सासिनचा दिवस निर्विघ्न पार पडला. मग काही दिवसांनी ऑर्निडॅझोलची पाळी, गोळीचा छोटासा तुकडा. या वेळी मी ठरवून गेलो होतो की काहीही झालं तरी हात वर करायचा नाही. दोनेक तासांनी डॉक्टरने विचारलं, "काही वाटतंय?" मी म्हणालो, "छे." थोड्या वेळाने पुन्हा विचारलं. मी म्हणालो, "अगदी ठणठणीत," आणि पेपर वाचायला लागलो. खरं तर ओठ चुरचुरत होता, जळतही होता, पण पिठाचा अपमान ताजा होता. मी मान खाली घालून शेतमालाचे भाव, सोयाबीन, तूर, सगळं दोनदा वाचलं. शेवटी बायकोने पेपर खाली ओढला आणि म्हणाली, "डॉक्टर, हे बघा, जांभळं झालं." पुन्हा मुलं जमली, पुन्हा फोटो. या वेळी सगळ्यांनी लिहून घेतलं.

आता तुम्ही म्हणाल, संपलं. मलाही तसंच वाटलं होतं. पण केसपेपरच्या कोपऱ्यात लाल शाईने 'पेनिसिलीन' लिहिलेलं, खाली दोन रेघा, त्यावर त्या पोराची नजर गेली. काय झालं होतं? आत्या म्हणाली होती. सुईनंतर किती वेळाने पुरळ? माहीत नाही. दम लागला होता? ठाऊक नाही. आत्या आता नाही, म्हणून आईला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. आईला सगळं आठवत होतं.

"त्या साली अख्ख्या गल्लीत गोवर होता. तुलाही झाला."

"मग सुई बाधली ती?"

"सुई पुरळ उठल्यावर दिली. पुरळ उठलं म्हणून तर डॉक्टरकडे नेलं."

"मग तू आत्याला सांगितलं का नाहीस?"

"तिच्यापुढे कोण बोलणार?"

अमेरिकेत साधारण १० माणसांत एकाच्या कागदावर पेनिसिलीनची अ‍ॅलर्जी लिहिलेली असते आणि नीट तपासलं तर त्यांच्यातल्या १० पैकी ९ जणांना ते बिनदिक्कत चालतं, हे डॉक्टरने मला सांगितलं. ज्यांना खरोखर होती त्यांच्यातल्याही १० पैकी ८ जणांची १० वर्षांत निघून जाते. जगभर आत्या आहेत तर! तरी नुसत्या फोनवर त्याने लाल शाई खोडली नाही. आधी कातडीवर चाचणी घ्यायची ठरली. तिथे औषधाबरोबर हिस्टामिनचाही एक थेंब टोचतात. त्याने कुणाच्याही हातावर गांध उठते, म्हणजे चाचणी चालते आहे हे कळतं. माझ्या हातावर काहीच उठेना. डॉक्टर गोंधळला, दुसऱ्याला बोलावलं, दोघांनी बाटली तपासली, सुई तपासली, आणि मग माझ्याकडे बघितलं.

"सकाळी काही घेतलंत?"

"काही नाही. फक्त एक सेटिरिझिन. अ‍ॅलर्जी होऊ नये म्हणून."

वाशीमला परत. सेटिरिझिनजातीच्या गोळ्या अशा चाचणीच्या आधी आठवडाभर तरी बंद ठेवायच्या असतात, हे माझ्या हातातल्या कागदावर मराठीत छापलेलं होतं. पुढच्या वेळी हातावर हिस्टामिनची गांध झकास उठली, पेनिसिलीनची उठली नाही. मग अमॉक्सिसिलीन, म्हणजे पेनिसिलीनच्याच घराण्यातलं औषध, तोंडाने दिलं, शेजारी अ‍ॅड्रेनालिन तयार ठेवून मला बाकावर बसवलं. मी बसलो. बायकोने पर्समधून चिवडा काढला. काहीच झालं नाही. इतकं काहीच झालं नाही की शेवटी मला वाईट वाटायला लागलं. ज्या वैरावर माझं लग्न ठरलं होतं ते मुळात नव्हतंच, आणि ज्या गोळीला मी चौकात उभ्या उभ्या श्रद्धेने गिळत होतो तीच गळ्यात पडली होती.

जाता जाता डॉक्टरने आणखी एक टाचणी लावली. त्या पोटाच्या गोळीची मला बहुतेक वेळा गरजच नव्हती. साध्या पातळ जुलाबांना जीवनजल, म्हणजे ओआरएस, पुरतं. ते नसेल तर १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चहाचा चमचा मीठ. जुलाबात रक्त पडलं, ताप आला, थांबेनासे झाले, तरच औषधाचा प्रश्न, आणि तोही डॉक्टरकडे. म्हणजे ठिपका, वांग्याचा त्याग, पांढरी मिशी आणि केर काढणं, हे सगळं मी साखर-मिठाच्या पाण्याऐवजी पत्करलं होतं.

आता माझ्या पाकिटात एक कार्ड असतं. त्यावर लिहिलं आहे: ऑर्निडॅझोल, टिनिडॅझोल, मेट्रोनिडॅझोल देऊ नये (एकाच कुळातली असल्यामुळे एकाने झालं की दुसऱ्याने होऊ शकतं), पेनिसिलीन तपासलं आहे, चालतं. खाली बायकोने पेनाने भर घातली आहे, 'वांगंही चालतं.' भाऊंनाही कार्ड दाखवून आलो. त्यांनी ते वाचलं, मान हलवली आणि म्हणाले, "मग आता तुम्हाला कोणती देऊ?" ओठावरचा डाग अजून पूर्ण गेलेला नाही; जायला महिने लागतात, कधीकधी राहतोही. आठवीची नवी तुकडी त्याच्याकडे बघते आहे आणि प्रतिज्ञेचं काम अजून माझ्याकडेच आहे.

तुमच्याही घरात कुणाला 'अमुक औषध चालत नाही' असं आत्याने ठरवून ठेवलं असेल, तर आत्या आहे तोवर तिला दोन गोष्टी विचारून ठेवा: औषध आधी की पुरळ आधी, आणि दोहोंत किती तास गेले. गोळी विकत घेताना नाव असलेला तुकडा आणि बिल मागा, नाहीतर पट्टीचा मोबाइलवर फोटो काढा. आणि कुठल्याही औषधाने काही झालंसं वाटलं तर डॉक्टरला सांगाच, शिवाय ते सरकारलाही कळवता येतं. औषधांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवणारा कार्यक्रम आपल्याकडे २०१० पासून चालू आहे, त्याचं काम गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगातून चालतं, रुग्णाने स्वतः भरायचा फॉर्म मराठीतही मिळतो, आणि १८००-१८०-३०२४ हा त्यांचा नंबर फुकट आहे. फोन लावताना पट्टी हातात ठेवा. गोळीचं नाव विचारल्याशिवाय ते पुढे जात नाहीत.